नायगावचे घर: सावित्रीबाईंच्या माहेरी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सातारा जिल्ह्यात जुने वाडे बघायचे म्हटले की पाहुणे थेट वाई-मेणवलीचा रस्ता धरतात. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याचा घाट देखणा आहेच. पण तो पेशवाईतल्या एका मोठ्या कारभाऱ्याचा वाडा. एकोणिसाव्या शतकातले गावातले घर कसे असायचे आणि त्यात माणसे कशी वावरायची हे समजून घ्यायचे असेल तर आधी नायगावला जा. खंडाळा तालुक्यातल्या या गावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. त्यांच्या घराची डागडुजी करून ते जतन केले आहे, आणि गावातच स्मारक व शिल्पसृष्टीही आहे.

बहुतेक लोक पुतळ्याला हार घालतात, शिल्पांपुढे फोटो काढतात आणि गाडीत बसतात. घर बघायचे राहून जाते. म्हणून पहिलीच सूचना क्रमाची: आधी घर, मग शिल्पे. शिल्पांमधून सावित्रीबाईंचे पुण्यातले काम कळते. ते काम सुरू होण्याआधीची मुलगी आणि ते काम ऐन भरात असताना माहेरपणाला आलेली बाई समजून घ्यायला मात्र घरच लागते.

घरून निघण्याआधी: दोन पत्रे

तिकीट, डबा, पाण्याची बाटली या सगळ्याच्या आधी ही तयारी करा. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. त्यांतली दोन नायगावहून लिहिलेली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय छापले आहे, त्यात ती आहेत. चांगल्या सार्वजनिक ग्रंथालयात हे पुस्तक असते. दोन्ही पत्रे मिळून वाचायला अर्धा तास पुरतो.

पहिले पत्र ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई आजारी पडल्या होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी आल्या होत्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. पण त्याच भावाने बोलता बोलता टोचले: तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, जातीच्या रूढीप्रमाणे वागा. सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले, आईला त्याचे बोलणे आवडले नाही, आणि शेवटी भावालाही पटले. हे सारे त्यांनी जोतिरावांना कळवले. त्याच पत्रात पुण्यातल्या शाळेची काळजी आहे. आपण नसल्याने शाळेतली सहकारी फातिमा हिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्या लिहितात. माझ्या लेखी या घराला भेट देण्याचे सगळ्यात मोठे कारण हे पत्र आहे. समाजाशी भांडणाऱ्या माणसाला आधी घरच्यांशी बोलावे लागते, आणि ते कसे बोलावे हे इथे लिहून ठेवले आहे.

दुसरे पत्र ऑगस्ट १८६८ चे. गणेश नावाचा पोथी-पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले, मुलगी गरोदर राहिली, आणि गावकऱ्यांनी दोघांना मारायला काढले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांचे प्राण वाचवले. मग त्यांना जोतिरावांकडे पाठवून दिले. हे वाचून गेलात की गावातल्या गल्लीतून घराकडे चालतानाच पाय सावकाश पडतात.

एवढे वाचणे होणार नसेल तर निदान काही साले डोक्यात ठेवा. १८३१ जन्म. १८४० मध्ये जोतिरावांशी लग्न, तेव्हा वय नऊच्या आसपास. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना मृत्यू. म्हणजे नायगावच्या घरात त्यांची जेमतेम पहिली नऊ वर्षे गेली, आणि त्या वर्षांत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर जोतिरावांकडून झाली. देशाला शिकवणाऱ्या बाईच्या घरात तिच्यासाठी पाटी नव्हती, हे लक्षात ठेवून आत शिरा.

एक गोष्ट तुम्हाला तिथे बहुधा ऐकायला मिळेल. लहानगी सावित्री शिरवळच्या बाजाराला गेली, तिथे एका मिशनऱ्याने तिला पुस्तक दिले, वडिलांनी ते फेकून दिले आणि तिने ते गुपचूप जपून सासरी नेले, अशी ती गोष्ट. गोष्ट गोड आहे आणि मुलांना ती जरूर सांगा. फक्त पत्र वेगळे आणि ऐकीव गोष्ट वेगळी, हा फरक मनात असू द्या.

कधी जावे

३ जानेवारीला गावात जत्रेसारखी गर्दी असते. राज्यभरातून लोक येतात, मंत्री येतात, महिला मंडळे आणि शाळा येतात. तो उत्साह अनुभवायचा असेल तर त्याच दिवशी जा, पण त्या दिवशी घर शांतपणे बघता येईल ही अपेक्षा ठेवू नका. डिसेंबर-जानेवारी हा शाळांच्या सहलींचाही हंगाम असतो. घरच बघायचे असेल तर कामाच्या दिवशी सकाळी पोहोचा. सकाळचे तिरपे ऊन दारा-खिडक्यांतून आत येते आणि भिंतींचा, लाकडाचा पोत नीट दिसतो. भर दुपारी बाहेरच्या लखलखाटातून आत आलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते. तशी वेळ आलीच तर दारात दोन मिनिटे थांबा, डोळे सरावू द्या.

एप्रिल-मे टाळलेले बरे. खंबाटकी घाटाच्या उत्तरेचा हा पट्टा उन्हाळ्यात चांगलाच तापतो. पावसाळा संपता संपता, नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान, शिवार हिरवे असते आणि हवाही बरी असते. सुट्टीचा वार आणि उघडण्याची वेळ निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. सरकारी देखभालीतल्या वास्तूंच्या वेळा सणासुदीला बदलतात.

कसे जावे

नायगावसाठी उतरायचे ते पुणे-सातारा हमरस्त्यावरच्या शिरवळला. पुण्याहून शिरवळ पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याहून साधारण साठ. साताऱ्याकडून येताना आणेवाडीचा टोलनाका आणि खंबाटकी लागते, पुण्याकडून येताना खेड-शिवापूरचा टोलनाका. शिरवळपासून नायगाव काही किलोमीटरच आत आहे.

एसटीने जाणार असाल तर चढण्याआधी कंडक्टरला स्पष्ट विचारा, ‘शिरवळला थांबते का?’ विनाथांबा गाडीत बसलात तर थेट साताऱ्याला किंवा स्वारगेटला उतराल. राज्यातल्या एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा जवळ हवा. शिरवळहून पुढे रिक्षा किंवा वडाप बघा. वडापवाला गाडी भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळे घाई असेल तर चौघांनी मिळून स्वतंत्र रिक्षा ठरवलेली बरी, आणि परतीचेही त्याच्याशीच बोलून ठेवा. जेवणाचे शिरवळमध्येच उरका, हमरस्त्यावर पिठले-भाकरीपासून सगळे मिळते. पाणी मात्र भरून घ्या.

उंबरठ्यापाशी

चपला बाहेर काढा. शेणाने सारवलेली किंवा दगडी फरसबंदीची जमीन असो, अनवाणी पायाला ती वेगळी कळते. जुन्या घरांचे उंबरे उंच आणि दारे बुटकी असतात. डोके सांभाळा. गुडघ्याचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना पुढे-मागे कोणीतरी हात द्या. लाकडी जिन्याच्या पायऱ्या अरुंद असतात, उतरताना पाठमोरे उतरणे सोयीचे पडते.

श्रद्धेने आलेल्या माणसाला हात जोडावेसे वाटतात, आणि ते साहजिक आहे. पण भिंतीला किंवा खांबाला हळद-कुंकू लावू नका, तेलाचा दिवा लाकडाजवळ ठेवू नका, नारळ घराच्या दगडावर फोडू नका. तेलाचे डाग चुन्यात मुरतात आणि निघत नाहीत. फुले वाहायची तर पुतळ्यापाशी वाहा. खांबाला टेकून फोटो काढण्याचा मोहही आवरा. रोज शेकडो पाठी घासल्या की लाकडाची कड झिजते. आणि भिंतीवर नाव कोरणारा कोणी दिसला तर त्याला तिथेच थांबवा, संकोच करू नका.

घर वाचायचे कसे

सुरुवात खालून करा. जोते, म्हणजे घर ज्यावर उभे असते तो चौथरा, बघा. घडीव दगडाचे उंच जोते म्हणजे घरधन्याची ऐपत आणि गावातला मान. साध्या शेतकऱ्याचे घर जमिनीलगत असे, पाटलाचे दोन-चार पायऱ्या वर. भिंती खाली दगडाच्या, वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, असा आपल्याकडच्या घरांचा रिवाज होता. दारात उभे राहून भिंतीची जाडी बघा. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीमुळे आत उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब राहते.

मग खांब. खांबाच्या तळाशी दगडी तळखडा असतो. जमिनीची ओल आणि वाळवी लाकडाला लागू नये म्हणून तो घालतात. खांबावर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, याला कडीपाट म्हणतात. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि जुन्या लोकांची घर मोजायची रीत खणांची. अमक्याचे घर पाच खणी, तमक्याचे सात खणी. तुम्हीही खण मोजा आणि आपल्या गावाकडच्या घराशी ताडून बघा. बरोबर आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा. एरवी गप्प बसलेली माणसे इथे भराभर बोलू लागतात.

यानंतर घराचे दोन भाग मनात पाडा. पुढचा भाग गावाचा, मागचा भाग घरातल्यांचा. पाटलाच्या घरी पुढच्या ओसरीवर नाहीतर सोप्यात सारखा राबता असे. सारा भरायला आलेले शेतकरी, दप्तर घेऊन आलेला कुलकर्णी, बलुतेदारांच्या तक्रारी, बांधाचे तंटे. गावाची चावडी वेगळी असली तरी पाटलाची ओसरी ही अर्धी चावडीच. आणि कोणी ओसरीवर बसायचे, कोणी अंगणात उभे राहायचे, हे जातीने ठरलेले. अंगण आणि ओसरी यांच्यातली ती एक-दोन पायऱ्यांची उंची थांबून बघा. सावित्रीबाईंनी पुढे जन्मभर जे मोडायला घेतले ते त्यांनी लहानपणी या उंचीवरून पाहिलेले असणार.

मागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि धान्याची जागा. चूल बघा, तिच्या वरचा धूर जायचा मार्ग शोधा. जाते दिसले तर त्याच्यापाशी खाली बसा. उभ्याने जाते कळत नाही. त्याचा खुंटा किती उंचीवर येतो, हात कुठवर फिरतो, हे बसल्यावर कळते. पहाटे अंधारात उठून दोन-दोन शेर ज्वारी-बाजरी दळणे हे त्या घरातल्या मुलीचे शिक्षण होते. भिंतीतले कोनाडे मोजा. देवळ्यांत दिवे, कोनाड्यांत डबे, फण्या, औषधाच्या मुळ्या. कपाट नावाची वस्तू गावच्या घरात नव्हती. भिंतीच्या जाडीतच ती सोय केलेली असे. दाराला आतून लावायचा अडसर आणि तो सरकवायची भिंतीतली खाच सापडते का तेही बघा. चोर-दरोडेखोरांचा काळ होता, नीरा नदीच्या दक्षिणेचा हा मुलूख तेव्हा सातारा संस्थानात होता, आणि पेशवाई बुडून फार वर्षे झाली नव्हती.

घाई करू नका. प्रत्येक खोलीत जमिनीवर बसता आले तर बसा. जुनी घरे बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीने बांधलेली असतात. खिडकीची उंची, कोनाड्याची उंची, चुलीची उंची, सगळे बसल्यावर जागेवर येते.

जुने किती, नवे किती

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, आणि नवख्या माणसाने हा प्रश्न विचारायला मुळीच कचरू नये. जतन केलेल्या घरात सगळे मूळचे कधीच नसते. जवळपास दोनशे वर्षांत कौले फुटतात, कड्या सडतात, भिंती बसतात. चांगले जतन करणारा जुन्याशी जुळेल असे नवे घालतो. कुठे नवे आहे हे ओळखायच्या काही खुणा सांगतो, त्या कुठल्याही जुन्या घरात उपयोगी पडतात.

छपराकडे बघा. आपल्या गावाकडच्या घरांवर दिसणारी मंगलोरी कौले मंगळुरात १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली. त्याआधीच्या घरावर कुंभाराने थापलेली नळीची कौले असत किंवा माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, असे. म्हणजे १८३१ च्या आधी बांधलेल्या कुठल्याही घरावर मंगलोरी कौल दिसले की ते नंतर चढवलेले, हे निश्चित समजा. त्यात वाईट काही नाही. घर राहते असते तेव्हा घरमालक छप्पर बदलतोच.

विटा बघा. जुन्या विटा पातळ असतात, आजच्या विटा जाड. एकाच भिंतीत दोन्ही दिसल्या तर तिथे पडझड होऊन पुन्हा बांधले आहे. लाकडात तासणीच्या खुणा दिसतात का बघा. वाकस या सुताराच्या हत्याराने तासलेल्या लाकडावर लहान लहान खवले राहतात, यंत्रावर कापलेले लाकूड सरळसोट गुळगुळीत असते.

सांध्यांतला मसाला बघा. जुना मसाला चुन्याचा. चुनखडी भाजायची, पाण्यात विझवायची, वाळू घालून बैल जुंपलेल्या घाण्यात दिवसेंदिवस मळायची. त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा घालत. चुना पांढरट, किंचित मऊ दिसतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट राखाडी, कडक आणि ओल कोंडून ठेवणारे. म्हणून जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की काही वर्षांत लोणा लागतो, पांढरी भुकटी सुटते आणि गिलाव्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो. महाराष्ट्रातली कितीतरी देवळे आणि वाडे या एका चुकीने खराब झाले आहेत. कुठल्याही जतन केलेल्या वास्तूत गेलात की आधी हे तपासा, आणि चुन्याचे काम दिसले तर करणाऱ्यांचे तोंडावर कौतुक करा. चुन्यात काम करणारे गवंडी आता कमी उरले आहेत.

मांडलेल्या वस्तूंबद्दलही विचारा: ही याच घरातली, की त्या काळाची म्हणून बाहेरून आणलेली? दोन्हींना किंमत आहे, पण दोन्ही एक नाहीत. तिथल्या माणसाला आदराने, सावकाश विचारा. गर्दी नसेल तर तो चार गोष्टी जास्तच सांगतो.

मुले बरोबर असतील तर

त्यांना पाटीवर लिहिलेली माहिती वाचायला लावू नका. एखादे काम द्या: घरातले कोनाडे मोजा, आज आपल्या घरी आहे पण इथे नाही अशा दहा वस्तू शोधा, एका खांबाचे चित्र काढा. मोठ्या मुला-मुलींना १८५६ च्या पत्रातला भाऊ-बहिणीचा वाद वाचून दाखवा आणि भावाची बाजू कोण मांडेल, बहिणीची कोण, असे विचारा. भावाची बाजू मांडताना मुले जे बोलतात ते आजही आपल्या घराघरांत ऐकू येते, हे त्यांनाच उमगते.

घर झाल्यावर शिल्पसृष्टी बघा. आता त्यातले प्रसंग ओळखीचे वाटतील. इथे अर्धा-पाऊण तास पुरतो.

त्याच दिवशी आणखी काय

साताऱ्याकडे परतत असाल आणि उजेड असेल तर लिंब गावची बारा मोटांची विहीर वाटेवरच आहे. ती अठराव्या शतकातली, शाहू महाराजांच्या काळात वीरूबाईंनी बांधवलेली. तिच्या आतल्या दगडी महालात उतरल्यावर दगड आणि चुन्याचे काम अजून एका थाटात बघायला मिळते.

कटगुणचा मोह त्याच दिवशी करू नका. फुल्यांचे, म्हणजे मूळच्या गोऱ्ह्यांचे, ते मूळ गाव आपल्याच जिल्ह्यात खटाव तालुक्यात, पुसेगावजवळ आहे. सासर आणि माहेर दोन्ही मुळे साताऱ्याची, म्हणून दोन्ही बघावीशी वाटतात. पण शिरवळहून तिकडे जायचे म्हणजे खंबाटकी ओलांडून जिल्हा आडवा कापणे. ते वेगळ्या दिवशी साताऱ्याहून पुसेगावची एसटी पकडून करा, आणि जमल्यास पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा नसेल असा दिवस निवडा, नाहीतर गाडीत उभे राहायलाही जागा मिळत नाही.